निर्मळची मिस्सा

मानोऱ्याहून कारंज्यास, कारंज्याहून मूर्तिजापुरास आणि तेथून रात्रीच्या आगगाडीनें मुंबईस, हा प्रवास मीं आजवर अनेक वेळां केला आहे. परंतु गेल्या कार्तिकांत तो करतांना मनांत जी हुरहुर होती, ती पूर्वीं कधीं नव्हती. ह्या खेपेस मी एका मित्राच्या वर्षश्राद्धास निघालों होतों, आणि तें श्राद्ध ख्रिस्ती देवळांत व्हावयाचें होतें. अमरावतीस कॅथॉलिक धर्मप्रांत १९५५ सालापासून आहे. तेथल्या चर्चवरून मी कितीदां तरी गेलों असेन. परंतु आंत जावें असें कधीं वाटलें नाहीं. साठी उलटेपर्यंत अशा देवळाचा उंबरठा मीं ओलांडला नव्हता.

हे मित्र वसईकडचे. १९८४ सालीं नाशिक येथें शिक्षकांच्या उन्हाळी प्रशिक्षणवर्गांत आमची ओळख झाली. तेही माझ्यासारखेच मराठीचे मास्तर. एके दिवशीं सायंकाळीं गोदेच्या कांठीं फिरत असतां आम्ही नारोशंकराच्या देवळाशीं आलों. तेथली ती प्रचंड घंटा दाखवून ते हंसत म्हणाले, "शास्त्रीबुवा, ही आमच्या गांवची बरें का!" चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं पोर्तुगीजांपासून वसई घेतली, तेव्हां तेथील चर्चांतील घंटा मराठे सरदारांनीं विजयचिन्ह म्हणून आणून ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या; वाईजवळील मेणवलीच्या घाटावरची घंटाही त्यांतलीच. हा प्रसंग मी वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगत असें. त्याची दुसरी बाजू कधीं माझ्याशेजारीं उभी राहून हंसत बोलेल, अशी कल्पना मला नव्हती.

पुढल्याच वर्षीं ते मानोऱ्यास आमच्या घरीं आले. आमचें कुटुंब एकत्र. मातोश्री हयात होत्या आणि त्यांचें सोंवळें कडक. पाहुण्यांचें पान ओटीवर मांडलें गेलें, आमचीं पानें आंत माजघरांत. मी आंत बसून जेवलों. जेवण झाल्यावर त्यांनीं आपलें पान आपणच उचललें, परसांत नेऊन टाकलें आणि ओटीवर पाणी शिंपडून जागा पुसून घेतली. मीं तें दारांतून पाहिलें आणि एक शब्दही बोललों नाहीं. त्यांनींही तो विषय कधीं काढला नाहीं. दिवाळीस त्यांचें पत्र येई, आणि पत्राच्या शेवटीं "एकदां वसईस या" असें आमंत्रण असे. मी कधीं परीक्षांची, कधीं लग्नकार्याची सबब सांगत राहिलों. असें करतां करतां ते गेले. वर्ष भरत आलें तेव्हां त्यांच्या चिरंजिवाचें पत्र आलें, "बाबांसाठीं मिस्सा आहे, आपण यावें." आतां सबब कोणाला सांगावयाची?

नालासोपाऱ्यास गाडींतून उतरलों. हेंच प्राचीन शूर्पारक! अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा येथें सांपडला, आणि १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं येथील स्तूप खणून काढला. तेथून पश्चिमेस निर्मळ. एका बाजूस तळें, तळ्याच्या कांठीं शंकराचार्यांची म्हणून मानलेली समाधि, जिची यात्रा कार्तिकांत भरते. आणि त्याच गांवांत पवित्र क्रुसाचें चर्च. केळीच्या बागांतून जातांना वाटेंत तांबडें लुगडें नेसलेल्या एक आजीबाई भेटल्या. त्यांना चर्चची वाट विचारली, तर त्यांनीं आपल्या बोलींत जें सांगितलें तें मला पुरतें उमगलें नाहीं. परंतु ती मराठीचीच एक वडीलधारी बहीण आहे, एवढें कानाला कळलें. ह्या भागांतील सामवेदी ख्रिस्ती लोक आपले पूर्वज सामवेदी ब्राह्मण होते, असें परंपरेनें सांगतात. पोर्तुगीजांकडे १५३४ सालीं वसई गेली आणि पुढें दोन शतकें त्यांचें राज्य राहिलें. त्या काळांत देवळें पडलीं, लोक बाटले, हें कोणीं झांकूं नये. परंतु पोर्तुगीज गेल्यावरही हे लोक येथेंच राहिले आणि आपली बोली त्यांनीं सोडली नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे.

चर्चच्या दारांत मी पायताण काढूं लागलों, तेव्हां चिरंजीव हळूच म्हणाले, "काका, येथें काढीत नाहींत." दाराशीं पाण्याचें एक लहानसें पात्र होतें. येणारा प्रत्येकजण त्यांत बोटें बुडवून कपाळ, छाती आणि खांदे यांना स्पर्श करी. मला प्रोक्षणाची आठवण झाली. मागच्या बांकावर जागा घेऊन मी बसलों. इतर उभे राहिले कीं मी उभा राही; ते गुडघे टेकीत तेव्हां मी मान लववून बसें.

धर्मगुरु जांभळें वस्त्र परिधान करून आले. आरंभ झाला तो सर्वांनीं आपल्या अपराधांची कबुली देण्यानें. आणि ती देतांना छातीवर मूठ ठेवलेली. त्यानंतर वाचनें झालीं, स्तोत्र झालें, शुभवर्तमानाच्या वेळीं सारी मंडळी उभी राहिली आणि मग प्रवचन झालें. सर्व कांहीं मराठींत! पूर्वीं हा विधि लॅटिनमध्यें चाले. रोम येथें १९६२ ते १९६५ या काळांत जी दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, तिनें लोकभाषेस परवानगी दिली. संस्कृताच्या कोषांतून धर्म मराठींत यावा यासाठीं आमच्या संतांना जें करावें लागलें, त्याची आठवण अशा वेळीं झाल्यावांचून कशी राहील? अर्थात् ख्रिस्ती मराठीचा इतिहास त्याहून जुना आहे. इंग्लंडांतून आलेल्या फादर स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोमंतकांत छापलें गेलें. त्यांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. वसईचा निराळा धर्मप्रांत १९९८ सालीं झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनीं तुकोबांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला आहे. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं धाराशिव येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ सालीं ते निवर्तले.

पुढें सर्वांनीं मिळून श्रद्धासूत्र म्हटलें. लॅटिनमध्यें त्याचा पहिला शब्द 'क्रेदो', म्हणजे 'मी श्रद्धा ठेवतों'. आयुष्यभर व्याकरण शिकविलेल्या माणसाचें मन देवळांतही व्याकरणाकडेच धांवतें. 'क्रेदो' आणि आपली 'श्रद्धा' हे शब्द एकाच मुळापासून निघालेले आहेत, असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. 'देउस' आणि 'देव', 'पातेर' आणि 'पितृ' हेही तसेच. आणि श्रद्धेनें केलें जातें तें श्राद्ध! मग मित्राच्या श्राद्धास मी फार दूर आलों आहें, असें मला वाटेना.

त्यानंतर बिनखमिराची गव्हाची पातळ भाकरी आणि पाण्याचे थेंब घातलेला द्राक्षरस वेदीवर ठेवून धर्मगुरूंनीं प्रार्थना म्हटली. भाकरी उंच धरली तेव्हां एक लहानशी घंटा वाजली. मला एकदम गोदेच्या कांठची ती सायंकाळ आठवली, आणि डोळे भरून आले. मृतांच्या नांवांत मित्राचें नांव उच्चारलें गेलें. नंतर प्रत्येकानें शेजाऱ्यास शांतीचें अभिवादन केलें. शेजारच्या अनोळखी गृहस्थांनीं मला हात जोडले, मींही जोडले.

मग सारी मंडळी रांगेनें वेदीकडे जाऊं लागली. चिरंजीव माझ्याकडे वळून कांहींसे संकोचानें म्हणाले, "काका, हा प्रसाद बाप्तिस्मा झालेल्या आमच्या लोकांनाच देतात. आपण मनांत आणूं नये." मी म्हटलें, "अरे, यांत मनांत काय आणावयाचें?" बांक रिकामा झाला, त्यावर मी एकटाच उरलों. पंक्ति उठून पुढें गेली आहे आणि आपण बाहेर बसलों आहों, हें मीं जन्मांत प्रथमच अनुभवलें. मानोऱ्याची ओटी डोळ्यांपुढें उभी राहिली. मला निदान कोणी कारण सांगितलें होतें आणि तें सांगतांना त्याला संकोच वाटला होता. त्या दिवशीं मीं माझ्या मित्रास तेवढेंही दिलें नव्हतें. मातोश्रींच्या नियमास मी दोष देत नाहीं. त्या आपल्या श्रद्धेप्रमाणें वागल्या. परंतु मला ओटीवर जाऊन त्यांच्या शेजारीं पान मांडून बसतां आलें असतें. तें कोणत्या शास्त्रानें अडविलें होतें?

मिस्सा संपल्यावर सर्वजण त्यांच्या घरीं गेलों. वहिनींनीं स्वयंपाकघरांतच पंगत मांडली होती. तांदळाची भाकरी, वालाचें बिरडें आणि वसईचीं केळीं. वाढतांना त्या हळूच म्हणाल्या, "भावजी, तुमचें सगळें नव्या भांड्यांत केलें आहे. हे सांगून गेले होते, शास्त्रीबुवा कधीं आले तर भांडीं निराळीं घ्या म्हणून."

माझा घांस हातांतच राहिला. निराळीं भांडीं आमच्याही घरीं होतीं. पण तीं कशासाठीं होतीं आणि हीं कशासाठीं!

जेवण झाल्यावर मीं माझें ताट उचललें. वहिनी "अहो, राहूं द्या" म्हणत पुढें आल्या. मी म्हटलें, "वहिनी, हें एक देणें आहे, चाळीस वर्षांचें." त्यांना त्याचा अर्थ कळला कीं नाहीं, मीं विचारलें नाहीं. परसांत मोरीवर बसून मीं तें ताट स्वच्छ घांसलें, विसळलें आणि उन्हांत उपडें ठेवलें.