चार बोंडांची पिशवी

माझ्या मायला अक्षरओळख नव्हती. सही म्हणजे अंगठा. पण पाचोऱ्याहून आणलेला मासिकांचा गठ्ठा मी ओट्यावर टाकला, की ती न वाचता त्याच्या वाटण्या करी. "हे राजा-राक्षसाचं, पोरायचं. हे बाईचं, सूनबाईचं. हे पिस्तुलवालं तुझं. आन् हे पिकाचं, तुझ्या आबाचं." एकदाही चुकली नाही.

तेव्हा मला तिचे कौतुक वाटे. आता वाटते, यात नवल ते काय? मुखपृष्ठे काढणाऱ्यांनी ती अशाच माणसांसाठी काढली होती. एसटी सुटायला दोन मिनिटे आहेत, मासिके दोरीवर एकावर एक टांगलेली आहेत, दिसतो तो फक्त वरचा भाग. म्हणून नाव अगदी माथ्याला, खाली चेहरा, आणि तो चेहरा सरळ गिऱ्हाइकाकडे पाहणारा. आतला कागद खरबरीत असला तरी चालेल, पण बाहेरचा गुळगुळीत आणि रंगीत हवा. गिऱ्हाईक आधी हाताने घेते, मग डोक्याने.

शिवाय ज्याचा त्याचा ठरलेला वेश असे. रहस्यकथा म्हटली, की काळोखा जिना, पिस्तूल आणि भेदरलेली बाई. कथेत जिना नसला तरी चित्रात असणारच. 'चांदोबा'वर राजे, ऋषी, राक्षस. मराठी 'चांदोबा' १९५२ साली सुरू झाला. आता तो निघत नाही, पण खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला त्यातला विक्रम राजा कोण विसरेल? ते चित्र काढणारे शंकर २०२० साली वारले. आमच्या सोयगावच्या डोंगरात वेताळवाडीचा किल्ला आहे. त्यामुळे आमच्या पोरांची खात्रीच होती, की तो वेताळ हळद्याच्या घाटातच राहतो!

दिवाळी अंकांची तऱ्हा वेगळी. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि ही प्रथा पडली. पुढे दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्यासारखे चित्रकार आले. दलालांनी तर १९४५ साली स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला. हातात दिवा, अंगावर भरजरी लुगडे, चेहऱ्यावर उजेड, अशी बाई दिसली की दिवाळी आली समजावे. आमच्या घरी मुळगावकरांची एक लक्ष्मी चौकट करून देवघरात लावली होती. माय तिला रोज हळदकुंकू वाही. 'आवाज'च्या खिडकीचित्राने मात्र तिची फजिती केली. खिडकीतून दिसे एक आणि पान उलटले की निघे भलतेच! तिने तो अंक आधी पदराखाली झाकला, मग एकटीच हसत बसली.

चित्र बोलते आणि चित्र फसवतेही. ते मला फार महागात पडले, म्हणून हे लिहितो आहे.

१९८४ सालची गोष्ट. आदल्या वर्षी कपाशी चांगली पिकली होती. त्याच वाणाचे बियाणे घ्यायला मी बाजाराला गेलो. आभाळ भरून आलेले, दुकानात ही गर्दी. फुटलेली बोंडे, खाली तांबडा पट्टा, वर हिरवी पाने, तीच पिशवी दिसली. भाव थोडा कमी होता. नाव वाचायचे मला सुचलेच नाही. सातवी शिकलेला माणूस मी, पण पिशवी घेतली चित्रावरून.

घरी आल्यावर मायने पिशवी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "ही ती न्हाई रे. त्या पिशवीवर पाच बोंडं व्हती, हिच्यावर चारच हायेत."

मी भिजून आलो होतो, भूक लागली होती. तोंडातून निघून गेले, "तुला वाचता येतं का? मग गप ऱ्हाय की!"

ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी टोबणी झाली. तीन एकर.

आठ-दहा दिवसांनी ओळीच्या ओळी रिकाम्या दिसू लागल्या. पिशवी काढून पाहिली, तर नावात एकाच अक्षराचा फरक. खूणचिठ्ठी नव्हतीच. पावतीही मी घेतली नव्हती, मग दाद कोणाकडे मागणार? उसने बियाणे आणून नांग्या भरायला घेतल्या. माय माझ्या पुढच्या ओळीत वाकून होती. दिवसभर एक शब्द बोलली नाही. त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. मागाहून लावलेली झाडे मागेच राहिली, आणि त्या साली बहिणीचे लग्न पुढे ढकलावे लागले.

तेव्हापासून मी पिशवीचे चित्र पाहत नाही, असे नाही. पाहतो, पण नंतर चिठ्ठी वाचतो. प्रमाणित बियाण्याची चिठ्ठी निळी असते. त्यावरचे वाणाचे नाव, लॉट नंबर, मुदत वाचतो. पक्की पावती घेतो. पिशवी, चिठ्ठी आणि मूठभर बी पीक घरात येईपर्यंत जपून ठेवतो. कीटकनाशकाच्या डब्यावरही रंगाची खूण असते. तांबडी सर्वांत जहाल, मग पिवळी, मग निळी, मग हिरवी. पण हिरवी आहे म्हणून उघड्या हाताने कालवायचे नसते. हेही चित्रच, फक्त ते कोणाला भुलवायला काढलेले नाही.

ती चार बोंडांची पिशवी मी चुलीत घालणार होतो. मायने घालू दिली नाही. धुऊन, वाळवून कोठीच्या दाराला आतून खिळ्याने लावली. ती असेपर्यंत दर मृगाला मी बियाण्याला निघालो, की ती कोठीचे दार उघडे करून ठेवी.