आधी विचारावं, मग सांगावं

वसई, ४ ऑगस्ट

प्रिय फादर,

असं लिहिताना हात थोडा अडखळला. लहानपणी सुकेळीसाठी माझ्या मागे मागे फिरणारा तू. आणि दीक्षाविधीच्या दिवशी मी तुझ्यापुढे गुडघे टेकून तुझ्या तळहातांचं चुंबन घेतलं. पवित्र तेलाचा वास अजून त्यांना होता. त्या गर्दीत मनातलं बोलायचं राहून गेलं. आज संत जॉन व्हियान्नी यांचा सण. धर्मग्रामात राबणाऱ्या सगळ्या धर्मगुरूंचे ते आश्रयदाते. म्हणून आज लिहायला बसले.

येत्या रविवारी नव्या धर्मग्रामात तुझं पहिलं प्रवचन आहे, असं तुझ्या आईने सांगितलं. तू सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलास, ईशज्ञान शिकलास. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. ईशज्ञानातलं मी तुला काय सांगणार? पण पन्नासहून अधिक वर्षं मी बाकावर बसून प्रवचनं ऐकते आहे, आणि बाकावरून जे दिसतं ते वेदीवरून दिसेलच असं नाही.

जुलै २०१८ मधला तो पाऊस तुला आठवत असेल. सगळी वसई पाण्याखाली, घरात वीज नाही, तांदळाचा डबा तरंगत होता. रविवारी चिखल तुडवत आम्ही एका चर्चमध्ये मिस्सेला गेलो. प्रवचन कृपेवर होतं. कृपेचे प्रकार, त्यांच्या व्याख्या, सगळं शास्त्रशुद्ध. पाण्याबद्दल एक शब्द नाही. माझ्या शेजारी एक शिवणकाम करणारी बाई बसली होती. तिचं मशीन आणि गिऱ्हाइकांचं कापड दोन्ही पाण्यात गेलं होतं. ती डोळे पुसत होती. त्या दिवशी कृपेची सगळ्यांत जास्त गरज तिला होती, आणि कृपा तिच्या डोक्यावरून निघून गेली.

याउलट तुझे आजोबा गेले तेव्हाचं सांगते. तू लहान होतास. अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळी फादर आमच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांनी फक्त विचारलं, "काय करायचे हो हे दिवसभर?" आम्ही बोलत राहिलो, ते ऐकत राहिले. शेजारीपाजारी बावखलं, पाणी साठवणारी ती जुनी तळी, बुजवून इमारती उठत होत्या, तरी बाबांनी आपलं बावखल बुजवू दिलं नाही, हे कुणीतरी बोलता बोलता सांगितलं. दुसऱ्या दिवशी मयताच्या मिस्सेला फादर जेमतेम पाच मिनिटं बोलले. शोमरोनी स्त्री, याकोबाची विहीर, जिवंत पाणी, आणि पुढच्या पिढीसाठी पाणी राखणारा एक शेतकरी. योहानाचा चौथा अध्याय मी कितीदा वाचला होता, पण त्या दिवशी तो आमच्या वाडीत घडला.

हे दोन्ही धर्मगुरू विद्वान होते, दोघांचीही श्रद्धा खरी होती. फरक एवढाच, की एकाने आधी विचारलं होतं.

अम्माऊसच्या वाटेवर प्रभूने काय केलं ते बघ. दोन शिष्य खचून गाव सोडून चाललेले. पुनरुत्थित प्रभू त्यांना गाठतो, पण सांगायला लगेच सुरुवात करत नाही. तुम्ही कशाबद्दल बोलताय, असं विचारतो. त्यांचं सगळं दुःख ऐकून घेतो, मग शास्त्र उलगडतो, आणि त्यानंतर भाकर मोडतो. आपली मिस्सा याच क्रमाने चालते : आधी वचन, मग भाकर. पण त्या वाटेवरचं पहिलं पाऊल, विचारणं, मिस्सेच्या पुस्तकात छापलेलं नसतं. ते सोमवार ते शनिवार घरोघरी टाकावं लागतं.

मी लहान असताना मिस्सा लॅटिनमध्ये चाले. वेदीवर फादरांची मिस्सा आणि बाकावर आईची जपमाळ, दोन्ही शेजारी शेजारी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज दिला, लोकभाषेला वाट मोकळी केली आणि प्रवचन हा उपासनेचाच भाग आहे असं सांगितलं. म्हणजे प्रवचन हे मिस्सेच्या मध्ये घातलेलं भाषण नव्हे, तीही प्रार्थनाच. प्रार्थनेत ज्यांची दुःखं आणायची, ती आपल्याला ठाऊक नकोत का?

आपल्या भाषेत हे शहाणपण फार जुनं आहे. मूळचे इंग्लंडचे येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले. इथल्या लोकांच्या कानांना पुराणाची सवय आहे हे त्यांनी ओळखलं, भाषा शिकून घेतली आणि मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. आणि आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो! 'सुवार्ता' मासिकाचं संपादन, हरित वसईची चळवळ, बायबलचा मराठी अनुवाद आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. पाण्यासाठी आणि झाडांसाठी रस्त्यावर उतरलेल्या या माणसाचं प्रवचन लोकांना आपलं वाटे, कारण लोकांचा प्रश्न त्यांनी आधी आपला मानला होता. १७ जुलै २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी एक पत्र लिहिलं : माणसाचं मन कळण्यासाठी भावी धर्मगुरूंनी साहित्य वाचावं. त्यानंतर आठच दिवसांनी फादर दिब्रिटो गेले. ते पत्र त्यांनी आयुष्यभर आधीच जगून दाखवलं होतं.

त्याच वर्षी जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रवचन आठ मिनिटांच्या आत संपवायला सांगितलं होतं. आठ मिनिटं पुरतात, बाळा. पण त्यामागे आठवडा लागतो.

आणि तो आठवडा तुला सहजी मिळणार नाही, हेही मला दिसतं. शाळेच्या बैठका, इमारतीची डागडुजी, हिशेब, दाखले, मध्यरात्री इस्पितळातून आलेला फोन. सणाच्या दिवशी घरोघर जेवणं होतात आणि फादर परत एकट्या खोलीत जातात, हा विचार आम्ही कधी करतो का? काही वर्षांनी बदलीचं पत्र येतं आणि लावलेला जीव मागे ठेवून निघावं लागतं. त्यात जगभर काही धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार उघडकीला आले. त्या मुलांचं ऐकायला चर्चने फार उशीर केला. त्यामुळे पांढऱ्या झग्याबरोबर विश्वास आपोआप मिळण्याचे दिवस गेले. याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तो विश्वास एकेका घरी, एकेका माणसाजवळ बसून मिळवावा लागेल, आणि तसा मिळालेला टिकतो.

थकलास तर लपवू नकोस. एखाद्या मित्राला, एखाद्या वडीलधाऱ्या धर्मगुरूला सांग. आमचं घर तर आहेच. लोकांचं ऐकणाऱ्याचं ऐकणारंही कुणी असावं लागतं, आणि ती आम्हा बाकावरच्यांची जबाबदारी आहे.

एवढंच मागते : शनिवारी रात्री प्रवचन लिहायला बसण्याआधी धर्मग्रामातल्या एका तरी घरी जाऊन ये. ओट्यावर बस. दिवस कसा गेला ते विचार. मग शुभवर्तमान उघड.

तुझी,
मावशी