तीन घरचा ‘पास’

इंग्रजी ‘पास’ आपण इतका वापरतो की तो परका आहे हेही ध्यानात राहत नाही. परीक्षेत पास, विधानसभेत बिल पास, एसटीचा पास, फुटबॉलमधला पास, शेंगदाणे खात केलेला टाइमपास. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पाऊल. म्हणून बहुतेक ठिकाणी पुढे जाणं किंवा जाऊ देणं हाच भाव सापडतो. मराठीने त्याला ‘नाराज’, ‘नालायक’मधला ‘ना’ जोडून ‘नापास’ केला. ‘ढकलपास’ तर असा झकास शब्द आहे की तो इंग्रजांनीच आपल्याकडून न्यावा! उर्दूत आम्ही अजून ‘फेल’वरच आहोत.

पण उर्दूत ‘पास’ आणखी दोन आहेत. एक जवळ या अर्थाचा, संस्कृत ‘पार्श्व’पासून आलेला, मराठीतला ‘पाशी’ त्याचाच भाऊ. दुसरा फारसी. त्याचा अर्थ राखण, जपणूक. पासबान म्हणजे राखणदार. दिलेला शब्द पाळणं म्हणजे ‘जबान का पास रखना’. हा तिसरा पास हल्ली मुलांना मुद्दाम शिकवावा लागतो, घरात फारसा कानावर पडत नाही.

मागच्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी दहावी झाली. गणितात काठावर, बरोबर ३५. भाषांत मात्र उत्तम. आमच्याकडे वर्ग दहावीपर्यंतच, पुढचं कॉलेज तालुक्याला. तिचे अब्बा पेढे घेऊन आले. पुढचं विचारलं तर म्हणाले, “पास तो हो गई सर, पर कॉलेज पास कहाँ है?”

भाड्याची अडचण नव्हती, खेड्यातल्या मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे. अडचण होती परतताना पडणाऱ्या अंधाराची आणि लोकांच्या बोलण्याची. ती काही खोटी नव्हती. मुलीच्या बापाला ‘भिऊ नका’ म्हणणं सोपं असतं.

पण याच माणसाने पालकसभेत सगळ्यांसमोर सांगितलं होतं, पास झाली तर पुढे शिकवीन. मी तेवढंच म्हणालो, “भाई, जबान का भी तो पास है.”

ते काही बोलले नाहीत. पुडा टेबलावर ठेवून निघून गेले. मुलगी दारातच उभी होती.

चार दिवसांनी शाळा सोडल्याचा दाखला न्यायला दोघं आली. आता मोहल्ल्यातल्या आणखी दोन मुली तिच्यासोबत जातात. संध्याकाळी गाडी यायच्या आधीच तिचे अब्बा थांब्यावर येऊन उभे असतात.