न दिसणारी ठिणगी

आईला अलीकडे प्रवचनाचे ध्वनिमुद्रण नीट ऐकू येईनासे झाले, म्हणून गेल्या हिवाळ्यात तुंगार्लीच्या घरी मी तिच्यासाठी लहानसा ध्वनिवर्धक जोडावयास घेतला. दोनदा जोडला, दोन्ही वेळा तो मुकाच राहिला. डाग देण्यात चूक आढळेना. मग ध्यानी आले, दोन्ही दिवशी सामायिक आटोपून, लोकरी आसनावरून उठून, शाल तशीच पांघरून मी थेट मेजाशी बसलो होतो.

लोणावळ्याच्या पावसाळी दमट हवेत स्थिर विद्युत फारशी साचत नाही. पौष-माघाच्या कोरड्या हवेत मात्र लोकरीच्या घर्षणाने ती अंगावर साठते. सुमारे ३००० व्होल्टपर्यंतची ठिणगी आपणांस जाणवतही नाही. नाजूक आयसी मात्र १०० व्होल्टच्या आतही निकामी होऊ शकते.

आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "पुंजणीने जागा पुंजल्याशिवाय आपण आसनही घालत नाही. मेजावर हात ठेवण्याआधी तू काय पाहिलेस?"

मग चटईचा शोध सुरू झाला. साधे प्लास्टिक स्वतःच विद्युत साठवते; धातूचा पत्रा तिला एकदम वाहू देतो. योग्य चटई या दोहोंच्या मधली. तिच्या पृष्ठभागाचा रोध साधारणतः १० लाख ते १०० कोटी ओहम असतो, म्हणून विद्युत हळूहळू ओसरते. नुसता निळा-हिरवा रंग पाहून भुलू नये. रोधाचा आकडा विचारून घ्यावा. मी दुपदरी रबरी चटई घेतली, कारण तापलेल्या कथिलाचा थेंब तिला पीव्हीसीपेक्षा अधिक सोसतो. सोबत मनगटपट्टा घेतला. त्याच्या तारेत १० लाख ओहमचा रोधक असतो. चुकून विजेचा स्पर्श झाल्यास तो प्रवाह रोखून धरतो.

तारेचे दुसरे टोक अर्थिंगला जोडावयाचे. वायरमनला बोलावून तपासले, तर आमच्या जुन्या घरातील त्या प्लगला अर्थिंगच नव्हते! खिळा होता, तार तुटलेली. चटईच्या निमित्ताने घरातला मोठा धोका उघडकीस आला.

तिसरा ध्वनिवर्धक पहिल्याच दिवशी बोलला. यतना म्हणजे दिसणाऱ्या जीवापुरती सावधगिरी नव्हे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आता मेजाशी बसण्यापूर्वी शाल बाजूला ठेवतो, पट्टा बांधतो आणि क्षणभर थांबतो. आई मात्र दररोज सकाळी प्रवचन ऐकते.