बरक्या फणसाच्या मुलखात

रत्नागिरीस जायचे ते आंब्यासाठी, असा घाटावरील लोकांचा पक्का समज आहे, आणि २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या तेथील हापूसचा लौकिक पाहता तो समज गैर म्हणता येणार नाही. परंतु जी फळे पेटीत बसत नाहीत, ज्यांचा चीक बोटांना सोडत नाही, ज्यांच्या आंबटपणाने दात आंबतात आणि ज्यांचा वास कुंपण ओलांडून शेजारच्या आगरात जाऊन पोहोचतो, त्या फळांचा मुलूख पाहावयाचा असेल, तर मे महिना उतरणीस लागल्यावर, वाशीच्या बाजारास जाणाऱ्या पेट्यांची धांदल ओसरल्यावर निघावे, अशा निश्चयाने मी कोल्हापूरहून रत्नागिरीच्या एस.टी.त बसलो.

मलकापूर मागे पडून आंबा घाट सुरू झाला, की हवा एकाएकी दमट आणि जड होते. घाटात गाडी थांबली तेव्हा पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन मुली खिडक्यांशी आल्या. करवंद हे फळ पाहण्यास साधे, परंतु त्याच्या देठाशी जो पांढरा चीक असतो त्याने ओठ चिकटतात, आणि आतील लालसर गर गोड लागतो न लागतो तोच पाठीमागून एक तुरट धार येते, जी मला स्वतःला त्या गोडीहून अधिक प्रिय आहे. गोव्यात राहून गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली हिंदुस्थानातील औषधी व वनस्पती यांवर जो संवादरूप ग्रंथ छापला, त्यात फणस आणि मलाक्क्याकडचा दुरियन यांच्या जोडीला या काट्याकुट्यांतल्या करवंदासही त्याने स्थान दिले. राजदरबारी वावरलेल्या विद्वानाला रानातल्या पोरांच्या फळाची दखल घ्यावीशी वाटली, याचे मला फार अप्रूप वाटते.

साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा ही गावे ओलांडून रत्नागिरीस पोहोचलो, आणि भाट्याच्या खाडीवरील पूल ओलांडून पावसच्या वाटेवर माझ्या एका जुन्या सहाध्याय्याची जी वाडी आहे, तेथे मुक्काम केला. वरती जांभ्या दगडाचा उघडा सडा, खाली उतारावर आंब्याची कलमे, आणि घराच्या अंगाशी, विहिरीकडे, गोठ्यामागे अशी पूर्वजांनी जागा दिसेल तेथे लावलेली किंवा आपोआप रुजलेली मिश्र झाडे, अशी त्या वाडीची रचना आहे. काजूचा हंगाम सरत आला होता, तरी कडेच्या झाडांवर पिवळी आणि तांबडी बोंडे अजून होती, आणि खाली पडून आंबू लागलेल्या बोंडांचा मद्यासारखा उग्र दर्प दुपारच्या उन्हात साऱ्या उतारावर पसरला होता. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेले हे झाड कोकणाने इतके आपलेसे केले, की त्याच्या परकेपणाची आठवण कोणास उरलेली नाही. बी फळाबाहेर लोंबते आणि ज्याला आपण फळ म्हणतो तो वास्तविक फुगलेला देठ असतो, ही निसर्गाची विलक्षण योजना. त्या बीच्या टरफलातले तेल कातडीवर फोड आणते, तर रसाळ बोंड चावताच तोंडातले सगळे पाणी जणू कोणी शोषून घेतो. मी एक बोंड तोंडाला लावणार, तोच मित्राच्या मातोश्रींनी मला हटकले. "तसं नको खाऊस रे बाबा, घसा धरेल. काप कर, मीठ लाव, जरा पाणी सुटू दे," असे म्हणून त्यांनी स्वतःच काप करून दिले, आणि मिठाने तो तुरटपणा नरम होताच त्या बोंडाचा रस किती सुगंधी असतो हे प्रत्ययास आले.

परंतु ज्यासाठी मी गेलो होतो तो फणस. पडवीत गोणपाटावर ठेवलेला एक फणस आदल्या दिवसापासून मऊ पडू लागला होता, आणि पहाटे जाग आली तीच त्याच्या वासाने. या वासाचे वर्णन करणे अवघड आहे: त्यात अतिपक्व केळ्याचा गोडवा आहे, मधाचा जडपणा आहे, आणि या सर्वांखाली एक आंबूस, किंचित कुबट असा थर आहे, जो नवख्याला घराबाहेर घालवतो आणि सरावलेल्याला स्वयंपाकघराकडे खेचतो. कापा फणस असेल तर विळी लागते. हा बरका होता, त्यामुळे हातांना खोबरेल चोपडून मित्राने तो दोन्ही अंगठ्यांनी नुसता फाकवला, मधली पाव ओढून काढली, आणि चारखंडाला लगडलेले ओलेचिंब गरे उघडे झाले. कापा गरा चावून खायचा. बरका गरा चावला जात नाही, तो घसरतो, गिळला जातो, आणि मुखात मागे राहते ती आठळी. घाटावरच्या माणसाला हा निसरडेपणा प्रथम सोसत नाही, हे मी अनेक पाहुण्यांच्या मुद्रेवर पाहिले आहे. मला मात्र असे वाटते, की फणसाची खरी गोडी बरक्यातच असून, कापा हा त्याचा सभ्य, बाजारात चालणारा अवतार होय. उरलेल्या गऱ्यांचा रस काढून मातोश्रींनी तांदळाच्या रव्यात मिसळला आणि दुपारी सांदणे उकडली. नारळाच्या दुधाबरोबर ती खाताना तो सकाळचा उग्र वास पूर्णपणे निवलेला होता. आणखी रस ताटांतून उन्हात पसरला, त्याच्या फणसपोळ्या होणार होत्या. आठळ्या धुऊन पावसाळ्यासाठी बाजूला गेल्या. ज्या फळाला शहरात कोणी दारात उभे करीत नाही, त्याच्या कणाकणाचा असा बंदोबस्त होताना पाहून मला त्या घराविषयी विलक्षण आदर वाटला.

त्याच दिवशी मित्राने मला झाडे दाखविली. हापूस हा कलमाने वाढतो, म्हणजे एका झाडाचीच ती असंख्य शरीरे. फणस परंपरेने आठळीपासून रुजत आला, आणि परपरागीकरणामुळे प्रत्येक रोप आपल्या आईहून वेगळे निघते, इतके, की ते बरके होईल की कापे हे पहिले फळ धरेपर्यंत कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे त्या वाडीत प्रत्येक झाडाला स्वतःची चव आणि स्वतःचे नाव होते: विहिरीवरचा मधासारखा, गोठ्यामागचा किंचित आंबट, आणि वाटेवरचा जो होता त्याचे गरे लहान, केशरी आणि वासाने सर्वांत उग्र. हा वाटेवरचा फणस आता तोडला जाणार होता. त्याचे लाकूड पिवळेधमक आणि टिकाऊ, दारे-खिडक्यांना त्याची मागणी. बरके फळ मात्र कोणी विकत घेत नाही. जिल्ह्यात हिंडताना रस्त्याकडेला रचलेले असे पिवळे ओंडके मी अनेक ठिकाणी पाहिले, आणि माझे स्पष्ट मत असे, की हापूसचे एक झाड गेले तर एक झाडच जाते, परंतु आठळीचा एक बरका फणस तोडला की जगातून एक चव कायमची नाहीशी होते, आणि तिची नोंद कोणत्याही दप्तरात राहत नाही.

परत शहरात येऊन मी थिबा राजवाडा पाहिला. १८८५ च्या नोव्हेंबरात राज्य गमावलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा या अखेरच्या राजास इंग्रजांनी पुढल्या वर्षी रत्नागिरीस आणून ठेविले. १९१० मध्ये तो या वास्तूत राहावयास आला आणि १९१६ च्या डिसेंबरात येथेच वारला. ज्याच्या देशाच्या दक्षिण टोकाशी, तेनासरीमच्या किनाऱ्यावर, दुरियन आणि मँगोस्टीन पिकते, त्या राजाने आयुष्याची सुमारे तीस वर्षे फणस आणि रातांबा पिकणाऱ्या किनाऱ्यावर काढली, हा योगायोग मला त्या रिकाम्या दालनांत फिरताना वारंवार आठवत राहिला. दुरियन आणि फणस यांचे काटेरी रूप आणि दर्प यांत साम्य दिसले, तरी त्यांचे कुळ निराळे: फणस हा वड-उंबरांच्या गोतातला, तर दुरियन भेंडी-कापसाच्या; उलट बागेतला आंबटढोण रातांबा आणि मलायातले ते सुमधुर मँगोस्टीन ही दोन्ही एकाच प्रजातीची भावंडे आहेत. आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने मलाय द्वीपसमूहावरील आपल्या १८६९ च्या ग्रंथात सांगितले आहे, की दुरियनच्या वासाने त्याला आधी ते फळ चाखवले नव्हते, परंतु बोर्निओत जमिनीवर पडलेले पिकले फळ उघड्या हवेत खाल्ल्यावर तो त्याचा निस्सीम भक्त बनला. उघड्या हवेत खाल्ले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. उग्र फळाला आवार लागते, बंद खोली नव्हे, आणि पडवीत फणस फोडणाऱ्या कोकणी माणसाला हे कोणी शिकवावे लागले नाही.

निघण्यापूर्वी पुन्हा वाडीवर गेलो. अंगणात रातांब्यांची साले उन्हात पसरली होती आणि मातोश्री त्यांना पुन्हा पुन्हा त्यांच्याच रसाची पुटे देत होत्या, कारण त्याखेरीज आमसुलाला तो काळाभोर रंग आणि खोल आंबटपणा येत नाही. वाटेवरच्या फणसाबद्दल मी मित्राला भीत भीत विचारले. लाकूडवाल्याशी बोलणे झाले होते, विसारही घेतला होता. तो परत करण्यास मित्र तयार नव्हता, आणि घराच्या डागडुजीचा खर्च पाहता मला त्याला दोष देववेना. परंतु त्याच झाडाच्या कोवळ्या काड्यांची कलमे बांधून ठेवावीत, म्हणजे निदान चव तरी राहील, असे मी आग्रहाने म्हटल्यावर मातोश्रींनी माझी बाजू घेतली आणि लेकाला बजावले, "आधी कलमं बांध, ती धरली म्हणजे मग कुऱ्हाड लाव." त्याने लाकूडवाल्याला दिवाळीपर्यंत थांबायला सांगण्याचे कबूल केले, आणि रोपवाटिकेत काम करणाऱ्या गावच्या माणसाला त्या संध्याकाळीच निरोप धाडला.