दोन सूत

कार्तिकी पौर्णिमा जवळ आली, की कपिलधारला आमची न्हाणी आमची राहत नाही. मन्मथस्वामींच्या समाधीला पायी निघालेली माणसं अंगणात उतरतात; महाराष्ट्रातली, कर्नाटकातली, तेलंगणातली. पहाटे तीनपासून बादल्या वाजू लागतात. एवढ्या पाण्यानं भिंतीच्या पायथ्याचा गिलावा फुगून सुटला होता, म्हणून यंदा टाइलचं स्कर्टिंग बसवायचं ठरलं.

फरशी वडिलांनी घातलेली. शहाबादी. एका दगडासारखा दुसरा नाही. आमचा बीड जिल्हा आणि शहाबाद 1956 पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते; पुढं राज्यं वेगळी झाली, तरी हा दगड आमच्या मोऱ्यांत येतच राहिला. मला वाटलं, मिस्त्री आधी हीच उखडायला सांगतील. त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं आणि उकिडवे बसून बघत राहिले. पाणी दगडांच्या चढउतारांतून वाट काढत जाळीपाशी गेलं. ‘‘कुठं थांबतंय का बघा की दादा,’’ ते म्हणाले. ‘‘मग कशाला हात लावायचा?’’

वडिलांचं काम कुणी इतक्या शांतपणे वाचताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग पारदर्शक नळी निघाली. तिच्यात पाणी भरून, बुडबुडे काढून एक टोक माझ्या हाती दिलं. दोन्ही टोकांत पाणी जिथं स्थिर होईल, ती एकच पातळी. मध्ये जमीन कशीही असो. दारापासून जाळीपर्यंत सव्वा इंचाचा ढाळ निघाला. टाइल चार इंचांची. सगळ्यांत खोल जागी, जाळीच्या कोपऱ्यात, ती पुरी उभी करायची, तिच्या माथ्यावरून भिंतभर दोरी मारायची आणि बाकी प्रत्येक टाइल खालून कापायची. दारापाशी पावणेतीन इंचच उरते. कारखान्यातली सरळ कड वर, हातानं कापलेली खाली.

कापायची रेघ पट्टीनं काढायची नाही, हे मला ठाऊक नव्हतं. टाइल पाणसळीत धरून ती दोरीच्या वर किती येते ते बघायचं. मार्करचं टोक बरोबर तेवढ्या उंचीवर येईल अशी चीप त्याच्याखाली धरायची आणि ती फरशीवरून हळू सरकवायची. दगड जिथं उंच, तिथं रेघ आपोआप वर चढते. मधल्या एका दगडाला दोन सुतांचा उंचवटा आहे. लहानपणी अंघोळीला बसताना माझी टाच त्यावर टेकायची. तो उंचवटा मार्करनं जसाच्या तसा टाइलवर उतरवला. मिस्त्रींनी ग्राइंडर फिरवला, मी वरून पाण्याची धार धरली. राखाडी चिखल मनगटावर उडत होता. कड घासून टाइल लावली, तेव्हा खाली अर्ध्या सुताची फट राहिली. तेवढी ठेवायचीच असते. भिंत आणि फरशी वेगवेगळ्या हलतात, सिमेंट भरलं तर तडकतं. तिथं सिलिकॉनच हवं.

संध्याकाळपर्यंत तीन भिंती झाल्या. सिलिकॉन रात्रभर सुकू द्यायचं होतं, तेवढ्यात पहिली दिंडी आली. बायकांनी न्हाणीत डोकावून पाहिलं, काही न विचारता बादल्या उचलल्या आणि अंगणातल्या दगडावर पाय धुतले.