चौथं चाक

कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात सरांनी प्रत्येकाला उभं करून नाव, गाव आणि वडील काय करतात ते विचारलं होतं. कोणी शेती म्हणालं, कोणी शिक्षक, एकाने नुसतंच 'सर्व्हिस' म्हटलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, 'ट्रान्सपोर्टचा धंदा आहे.' ते खोटं नव्हतं. ट्रक एकच असला तरी धंदा ट्रान्सपोर्टचाच. पण त्या ट्रकचा मालक, ड्रायव्हर आणि मेस्त्री असे तिघेही म्हणजे आमचे आबाच, आणि सुट्टीच्या दिवशी त्याचा क्लीनर म्हणजे मी, हे काही मी सांगितलं नाही. नखांतलं काळं दिसू नये म्हणून हात पाठीमागे घेतले होते, एवढं मात्र चांगलं आठवतं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. आबांनी सातवीतून शाळा सोडली आणि एका उस्तादाच्या हाताखाली क्लीनर म्हणून राहिले. ते उस्ताद जुन्या टाटा-मर्सिडीजवर तयार झालेले. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. १९६९ साली तो करार संपला आणि गाडीच्या तोंडावरचा तारा जाऊन 'टी' आला. उस्ताद मात्र शेवटपर्यंत 'मर्सिडीज'च म्हणत, असं आबा सांगतात. उस्तादांनी त्यांना पहिली दोन वर्षं स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. फक्त गाडीच्या खाली.

आमची गाडी १६१३, २००५ सालची, दुसऱ्याच्या हाताखालून आलेली. १६ म्हणजे मालासकट एकूण वजन टनांत आणि १३ म्हणजे साधारण १३० अश्वशक्ती, हे मला पाढ्यांच्या वयातच पाठ होतं. कराडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा आणि चिपळूणला सिमेंट नाहीतर पशुखाद्य टाकायचं. येताना जांभ्याचे चिरे भरून तोच घाट चढायचा. हे आमच्या गाडीचं जन्माचं येणंजाणं.

तुम्ही म्हणाल, एवढा हायवे, पावलापावलावर गॅरेज, मग स्वतः गाडीखाली कशाला झोपायचं? पैसे वाचतात हे तर आहेच. गाडी एक दिवस गॅरेजला उभी राहिली की मेस्त्रीची मजुरी द्यायची आणि भाडंही बुडायचं. हप्त्याला मात्र सुट्टी नसते. पण आबांना कोणी विचारलं की ते पैशांचं बोलतच नाहीत. ते म्हणतात, 'ज्यानं पाना फिरवला त्यो घाटात आपल्या शेजारी बसत न्हाय.' मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की ते मला ऐकूच येईनासं झालं होतं.

मला स्वतःला गाडीच्या कामात सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर गिअरबॉक्सचं ऑईल बदलणं. त्याला एक रीत आहे. गाडी लांबून आली की ती गार व्हायच्या आत ऑईल सोडायचं, कारण गरम ऑईल पातळ असतं आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं. आधी वरचा, म्हणजे ऑईल भरायचा नट सैल करून बघायचा आणि मगच खालचा उघडायचा. हे उलटं केलं आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला, तर गिअरबॉक्स रिकामा आणि भरायला वाट नाही! मग माणूस रात्रभर गाडीखाली. (आबांचा एक दोस्त असा अडकला होता. त्याची गोष्ट आमच्याकडे दर वेळी होते.) खालच्या नटाला आतून चुंबक असतो. तो बोटाने पुसून बघायचा. त्यावर करडं, लोण्यासारखं लुकण असलं तर काळजी नाही. लोखंडाला लोखंड लागतं तेव्हा तेवढी झीज व्हायचीच. कण टोचले किंवा दाताचा टवका सापडला, तर गिअरबॉक्स खोलायची वेळ आली. ऑईल चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. हे सगळं बघून झाल्यावर नव्वद नंबरचं नवं ऑईल भरायचं ते वरच्या भोकाच्या काठापर्यंत. माप काय? करंगळी. भोकात घातली की पहिल्या पेराला ऑईल लागलं पाहिजे.

या ऑईलाला एक वास असतो. गिअरचे दात एकमेकांवर जोराने दाबले जातात, तेव्हा मधला ऑईलाचा पापुद्रा फाटला तरी दात खाऊ नयेत म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात. तो गंधकाचा वास साबणाने जात नाही, राखेने जात नाही, रॉकेलने जातो पण मग रॉकेलचा येतो. माझ्या ट्युटोरिअलच्या वहीत तुकाराममहाराजांवरच्या उत्तरावर एक अंगठा उमटलेला आहे. मॅडमनी त्याभोवती लाल गोल काढून 'हे काय?' असं लिहिलं. मी खाली काहीच लिहिलं नाही.

ब्रेकचं काम मात्र मला कधी आवडलं नाही, कारण त्यात दिसण्यासारखं काही नाही. कला शाखेच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मोटारसायकलीच्या ब्रेकमध्ये तेल किंवा तार असते, आमच्या गाडीत हवा असते. इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. काटा सात-आठ किलोवर आल्याशिवाय आबा गाडी हलवत नाहीत. पायाने पेडल दाबलं की ती हवा चारी बाजूंच्या चेंबरमध्ये धावते, चेंबरमधून एक दांडी बाहेर येते, ती एका आखूड हाताला ढकलते, तो हात एक वाकडा कॅम फिरवतो आणि कॅममुळे ड्रमच्या आतले दोन लायनर फाकून ड्रमला चिकटतात. लायनर झिजला की दांडीला जास्त लांब यावं लागतं. शेवटी ती येते तेवढी येते आणि लायनर काही ड्रमला नीट भिडत नाही. म्हणून तो आखूड हात, ज्याला अ‍ॅडजस्टर म्हणतात, तो अधूनमधून आवळायचा. नव्या गाड्यांना तो आपोआप आवळला जातो. आमच्या गाडीला तो मी.

चाक जॅकवर उचलायचं. अ‍ॅडजस्टरच्या नटावरची टोपी पान्याने आत दाबायची आणि चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत आवळायचं. मग ते जेमतेम मोकळं होईल इतकं परत सोडायचं. चाक हाताने फिरवून कान द्यायचा. लायनर घासल्याचा आवाज यायला नको. असं चार वेळा, चार चाकांना. शिवाय रोज सकाळी टाक्यांचे कॉक उघडून आतलं पाणी सोडायचं. दाबलेल्या हवेतली वाफ रात्रीतून पाणी होऊन तळाला बसते. हे कॉक उघडले की गाडी एखाद्या म्हशीसारखी फुस्स करते. लहानपणी मी तेवढ्यासाठी पहाटे उठायचो.

कॉलेजमुळे या कामात माझ्याकडून एक-दोन गोष्टींची भर पडली, तीही सांगून टाकतो. ड्रम काढला की आबा आतली काळी धूळ तोंडाने फुंकायचे. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ फुफ्फुसात जाऊन बसली की निघत नाही, हे मी ग्रंथालयात वाचलं आणि घरी येऊन सांगितलं. आबा हसले. 'तीस वर्सं फुंकतूय, आता काय हुतंय.' पुढच्या खेपेला बघतो तर बादलीत फडकं भिजत घातलेलं. दुसरी गोष्ट डिझेलची. बरेच ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडतात, डिझेल वाचतं म्हणून. पण गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की पंप इंजिनाला डिझेल देणं बंदच करतो. चाकंच इंजिन फिरवत राहतात आणि इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे वाचत तर काहीच नाही, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की ड्रम फुगून लायनरापासून दूर जातो, लायनरही गुळगुळीत पडल्यासारखा होतो आणि मग पेडल कितीही दाबा. आबांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'डिझेलचं मला म्हाईत नव्हतं. पर ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, हे उस्तादानं पयल्या दिवशी सांगितलंवतं.'

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

२०२४ च्या मे महिन्यात माझी पहिल्या वर्षाची परीक्षा संपली होती. आबांची कंबर धरली होती. दुसऱ्या दिवशी चिपळूणचं सिमेंट भरायचं होतं. ते बाजेवरूनच म्हणाले, 'बाळू, चारी ब्रेक आवळून घे.' मी मागचे दोन्ही केले, पुढचा उजवा केला. ऊन मी म्हणत होतं. डाव्या चाकापाशी जॅक नेला आणि मित्राचा फोन आला. कराडला सगळे जमले होते, सिनेमाला जायचं होतं, एकाची गाडी दहा मिनिटांत निघणार होती. मी जॅक लावलाच नाही. अंदाजाने पाना थोडा फिरवला, हत्यारं पेटीत टाकली, हात धुतले आणि आत जाऊन म्हणालो, 'झालं, आबा.'

ते 'बरं' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मीही गाडीत होतो, कारण क्लीनर काम सोडून गेला होता. कोयनानगर मागे पडलं, घाट सुरू झाला. आबांनी गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली आणि नेहमीप्रमाणे ब्रेकला फक्त वळणापुरता पाय लावत उतरू लागले. माल भरलेला. एका वळणावर समोरून एस.टी. चढत आली. आबांनी पेडल जरा जास्त दाबलं आणि गाडीने तोंड उजवीकडे ओढलं. एस.टी.कडे. पुढचं उजवं चाक धरत होतं, डावं धरत नव्हतं. आबांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग डावीकडे दाबून धरलं आणि ब्रेकवरचा पाय क्षणभर सोडला. एस.टी. गेली. तिच्या खिडकीत एक बाई मुलाला मांडीवर घेऊन बसली होती, आणि तो मुलगा माझ्याकडे बघत होता. इतक्या जवळून मी कधी एस.टी.च्या खिडकीत बघितलेलं नव्हतं.

पुढे रस्ता रुंद झाला तिथे आबांनी गाडी हळूहळू आणून उभी केली. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवली. मी न सांगता उतरून चाकांना दगड लावले. त्या चाकांना दगड लावताना माझे हात कापत होते, पण ते एस.टी.मुळे नव्हे.

आबा कंबर धरून खाली उतरले. 'डाव्या पुढच्याला जॅक लावलावतास?'

मी 'हो' म्हणालो.

ते काहीच बोलले नाहीत. परत केबिनमध्ये चढले आणि म्हणाले, 'खाली बस. मी ब्रेक मारतूय, दांडी किती भाईर येती बघ.' मी वाकून बघितलं. दांडी येत राहिली, येतच राहिली. उजव्या बाजूला बघितलं तर ती निम्मीसुद्धा येत नव्हती.

'किती आली?'

'आबा, मी जॅक लावला नव्हता.'

केबिनमधून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग पाना माझ्या पायाशी पडला. फेकलेला नव्हता, नुसता सोडलेला. भरलेल्या गाडीला घाटात जॅक लावत नाहीत. तिथे नट पुरता घट्ट होईपर्यंत आवळून बेताने परत सोडायचा, एवढंच करता येतं. मी आडवा होऊन आत सरकलो. डांबर तापलेलं होतं आणि शर्टातून पाठ भाजत होती. शेजारून गाड्या जात तेव्हा जमीन हादरे. मी आवळलं, सोडलं, बाहेर येऊन ओरडलो, आबांनी ब्रेक दाबला, मी दांडी बघितली, पुन्हा आत गेलो. तीन वेळा. तिसऱ्या वेळी दोन्ही बाजूंची दांडी सारखी आली.

पोफळी येईपर्यंत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं. चिपळूणला माल उतरवून चहा घेताना त्यांनी एकच विचारलं, 'शिनेमा चांगला हुता का?' म्हणजे त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं की मी घाईत गेलो. आणि तरी त्यांनी 'बरं' म्हणून माझ्या शब्दावर गाडी भरली होती. त्यांनी उठून बघितलं का नाही, हा प्रश्न मी नंतर स्वतःला खूप वेळा विचारला. कंबरेमुळे असेल. मला वाटतं, कंबरेमुळे नसावं.

तेव्हापासून मी एक पद्धत सुरू केली आहे. एक चाक झालं की टायरवर खडूने रेघ मारायची. चार चाकं, चार रेघा. खडू कॉलेजातला असतो, पण हा भाग प्राचार्यांनी वाचला नाही असं समजावं. आबांनी या रेघांबद्दल कधी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. 'झालं का?' असं मात्र ते आता विचारत नाहीत. गाडीला पूजेचं फूल लावायच्या निमित्ताने एक फेरी मारतात.

गेल्या रविवारी मी गिअरबॉक्सखाली आडवा होतो. नवं ऑईल भरून झालं होतं, भोकात करंगळी होती. तेवढ्यात आबांची पावलं दिसली. मागच्या उजव्या चाकापाशी थांबली, मग मागच्या डाव्या, मग पुढे. पुढच्या डाव्या चाकापाशी ती जरा जास्त वेळ थांबली. मी करंगळी तशीच ठेवून गप्प पडून राहिलो.

'परीक्षा कंदी हाय तुजी?' वरून आवाज आला.

'अजून दीड महिना आहे.'

'मग पुढल्या ऐतवारी लायनर बदलून घिऊ,' ते म्हणाले आणि बादली आणायला गेले.